चारशे बारावं पाकीट

१२ ऑगस्ट

डॉक्टरबाई,

‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलंय. खोडलेलं दिसतंय, त्याला इलाज नाही, कारण कागद एकच आहे आणि मी दुरुस्तीच्या कामावर, आठव्या मजल्याच्याही वर, लिफ्टची मोटार असते त्या खोलीत, ग्रीसच्या डब्यावर तो ठेवून लिहितोय. फोनवर तू मला बंद करून टाकलंयस. टपाल बंद करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून टपाल.

सात महिन्यांनी याला कसली उपरती झाली, असं तुला वाटेल. उपरती वगैरे काही नाही. काल पैलवानाचा फोन आला. होस्टेलवरचा माझा रूममेट, ज्याचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत आणि सुई दिसली की जो खाली बसतो, तो. दोन वर्षांपूर्वी तू आमच्या कॉलेजात शिबिर घेतलंस. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, पाकिटात घालायची आणि रक्ताच्या कर्करोगाच्या कुणा पेशंटशी जुळली तर आपल्या मूळपेशी द्यायच्या. त्यातलं पैलवानाच्या नावाचं पाकीट एका पेशंटशी जुळलं. दहापैकी दहा खुणा. तो लटपटत का होईना, खात्रीच्या तपासणीला जाऊन रक्त देऊन आला. आणि ते रक्त पाकिटाशी जुळेना. नाव याचं आणि आतला कापूस भलत्याचाच.

आता म्हणे चूक तुझी. तू पाकिटांवर नंबर उलटसुलट चिकटवलेस. म्हणे त्या दिवसाची सगळी चारशे बारा पाकिटं बाजूला काढलीत, तुझ्या प्रबंधातूनही ती जाणार, आणि तुझ्या विभागाच्या मोठ्या सरांनी तुझ्यापुढे कबुलीचा कागद ठेवलाय. महिनाअखेरपर्यंत सही. हे सगळं दात्यांच्या नोंदणीच्या बाईंनी पैलवानाला रक्त काढता काढता सांगितलं. त्यानं डोळे घट्ट मिटले होते, त्याला कशात तरी गुंतवायला हवं होतं.

सही करू नकोस.

तुझ्या हातून हे होणं शक्य नाही. तू नंबर मोठ्यानं वाचायचीस, मग पाकीट उलटं करून पुन्हा वाचायचीस. मागच्या रांगेतले कंटाळून हसायचे, तरी वाचायचीस. मला एवढी खात्री कशी, ते विचारू नकोस. आहे.

मागच्या वेळी तुझी बाजू घेऊन मोठ्या सरांच्या केबिनबाहेर आवाज चढवला त्याचं काय झालं, ते माझ्या लक्षात आहे. तुझ्या संशोधनलेखावर त्यांचं नाव पहिलं का, हे तू मला जेवताना सांगितलं होतंस, पूर्ण मजल्याला ऐकवायला सांगितलं नव्हतं. कॉलेज सोडल्याचं तुझ्यापासून दोन महिने लपवलं, तेही माझंच. तरी आजही सांगतो, त्या लेखावर नाव तुझंच पहिलं हवं होतं.

— काडीपेटी
(नाव तूच ठेवलंयस. परत घेता येणार नाही.)


१७ ऑगस्ट

डॉक्टरबाई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी उत्तरासाठी लिहीत नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे आणि आज खोटं कमी करायचं ठरवलंय.

काल नोंदणीच्या कार्यालयात गेलो. पैलवानाचा मित्र म्हणून गेलो, त्यामुळे बाईंनी चहा दिला. टेबलावर फायलींचे तीन ढीग, मधल्या ढिगावर त्यांचा चष्मा, आणि चष्मा कुठेय म्हणून त्या शोधत होत्या. पेशंटचं नाव-गाव त्या कुणालाच सांगत नाहीत, दात्यालासुद्धा. एवढंच कळलं की चौतीस वर्षांची बाई आहे. रोग एकदा औषधांनी गेला, पुन्हा उलटला, आत्ता कसाबसा दाबून धरलाय. सख्ख्या भावाचं जुळत नाही. सगळ्या नोंदणीत दुसरं कुणी नाही. डॉक्टरांच्या हिशेबानं हातात दोन महिने, फार तर अडीच. त्याच्या आत दुसऱ्याच्या मूळपेशी मिळाल्या तर मिळाल्या.

“आणि माझी गंमत बघ,” बाई म्हणाल्या, “कापूस माझ्याकडे आहे, गालाचा पत्ता नाही.”

तो गाल त्यांच्यासमोर बसून चहा पीत होता.

आता वाच. शिबिराच्या दिवशी मी तुझ्या रांगेत होतो. तू मला काट्यावर उभं केलंस आणि काट्याकडे बघतच म्हणालीस, “अठ्ठेचाळीस. पन्नास लागतात. वजन वाढवून या.” मागच्या पोरांनी खिदळून घेतलं. मी बाजूला झालो आणि तीन तास खांबाला टेकून उभा राहिलो. तुला वाटलं असेल, स्वयंसेवक आहे. पैलवानानं फॉर्म भरला, सही केली, पाकीट घेतलं, आणि काडी तोंडात घातल्याबरोबर त्याला ओकारी आली. दुसऱ्यांदा तेच. “तू फिरव रे, कापूस तो कापूस,” असं म्हणून तो तोंड धुवायला गेला. कँटीनमागच्या नळाजवळ ती काडी मी माझ्या गालात फिरवली, पाकीट चिकटवलं, आणि ते तुझ्या टेबलावर पोचलं.

का, ते लिहिताना कान तापलेत. तुझ्यापाशी माझं काहीतरी राहावं, इतकंच डोक्यात होतं. तुझ्या त्या थंडगार कपाटात, नंबर लावून. कुणाशी जुळेल वगैरे मनातही आलं नाही. लाखात एकाचं जुळतं, तू माइकवर सांगत होतीस, आणि मला माझ्या वजनाचा राग आला होता. पुढे आपलं जमलं, तेव्हाही हे सांगायचं राहिलं.

पैलवान म्हणतो, सांगू नकोस. त्याची बँकेतली नोकरी अजून कायम व्हायचीय, आणि पाकीट स्वतःच दिलं का असं बाईंनी विचारलं तेव्हा घाबरून त्यानं ‘हो’ म्हटलंय. मी त्याला उद्याचा दिवस दिलाय. परवा मी त्याच्यासकट किंवा त्याच्याशिवाय जाणार.

— का.


२१ ऑगस्ट

पैलवान आला. बँकेचा शर्ट घालून, घामानं निथळत, पण आला. हे त्याच्या खात्यावर लिही.

मोठ्या सरांना मी दोन पानं दिली. काडी माझी, गाल माझा, पाकीट पैलवानानं टेबलावर आणून दिलं, डॉक्टरांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांनी सावकाश वाचलं. पान उलटून मागे काही आहे का तेही बघितलं. मग पैलवानाला विचारलं की तुम्हीच दिलंत का, आणि त्यानं मान हलवली, म्हणजे तिचं तीच हलली.

तू विश्वास ठेवणार नाहीस, पण मी आवाज चढवला नाही. सर फार गोड बोलले. मुलांच्या हातून होतं असं, म्हणाले. आयुष्य पुढे आहे, खोट्या माहितीवर सही हा गुन्हा असतो, पण तो वाढवायची त्यांची इच्छा नाही. फक्त एक वाक्य घालावं, की शिबिरात डॉक्टरांची देखरेख ढिली होती. तेवढं असलं की फाईल तिथंच मिटते.

मी म्हणालो, “वाक्य नाही घालणार. गुन्हा वाढवा.”

पैलवानानं टेबलाखालून माझ्या नडगीवर अशी लाथ घातली की अजून निळं आहे. सर हसले. म्हणाले, त्या मुलीनं तुम्हाला वेळेवर ओळखून सोडलं हे तिचं भाग्य. यावर बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. दार हळूच लावून बाहेर आलो.

तिथून नोंदणीच्या बाईंकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला आणि मला गाढव म्हणाल्या. मग पैलवानाला म्हणाल्या, तू बारकं गाढव. तीन आठवडे त्या हा गाल हुडकत होत्या. पेशंटच्या दवाखान्यातून रोज फोन. त्यांनी मला कानाला धरल्यासारखं काट्यावर नेलं. साडेत्रेपन्न. लिफ्टच्या दोऱ्या ओढून माणूस भरतो.

जुनं पाकीट रद्द. नवा फॉर्म, नवा नंबर, माझं नाव. मोठ्या सरांना विचारावं लागेल का म्हटलं, तर बाई म्हणाल्या, नोंदणी त्यांच्या खिशातली नाही. आता फक्त ताजं रक्त डॉक्टरसमोर द्यायचं.

कुठल्या डॉक्टरसमोर, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही असं मला वाटतं.


२ सप्टेंबर

तू ‘आपलं पूर्ण नाव’ असं म्हणालीस. आपलं.

मी सांगितलं. ओळखपत्र दाखवलं. तू त्यावरचा फोटो आणि मी, असं दोनदा बघितलंस. नंबर मोठ्यानं वाचलास. दंडाला पट्टा बांधलास. मी तुझ्या मास्ककडे बघत होतो, कारण बाकी बघायला काही ठेवलंच नव्हतंस.

सुई आत गेल्यावर विचारलंस, पाकीट टेबलावर कोणाच्या हातून आलं. मी म्हटलं, पैलवानाच्या.

“खोटं.”

नळी भरत होती. तू तिच्यावरून नजर न हलवता बोलत होतीस, हळू, मला तू म्हणून. “शेवटचं पाकीट होतं. मी टेबल आवरत होते. तू आलास आणि म्हणालास, मित्राला बरं नाही, त्याचं द्यायचंय. ज्याचं त्यानं स्वतः द्यायचं, हा नियम. मी त्याला बोलवायला हवं होतं. तू हसत होतास, मी दमले होते. मी घेतलं.”

“मी हे लिहून देणार नाही.”

“मी दिलंय. परवाच.”

मला काय वाटलं सांगू? राग आला. सपाटून. मी ज्यासाठी गुन्हा अंगावर घेतला ते तू दोन ओळींत उधळून लावलंस. मोठे सर जे वाक्य माझ्याकडून मागत होते ते तू आपण होऊन दिलंस. मी म्हटलंही तसं. त्यावर तू जे बोललीस ते मी इथं उतरवून ठेवतो, म्हणजे मला पुन्हा वाचता येईल.

“त्यांना हवं होतं ढिली देखरेख. मी लिहिलंय एक पाकीट, किती वाजता, कसं, कोणाकडून. म्हणून उरलेली चारशे अकरा सुटली. तू मला वाचवत बसला असतास तर ती अडकून राहिली असती. महिनाभर चारशे अकरा माणसं बंद होती. त्यात आणखी कुणाचा जुळणारा असला तर? तुझी प्रेमाची भेट होती ना ती, पाकिटातली? अशी असते?”

मी तोंड उघडलं.

“माफी मागू नकोस. कापूस दाबून धर, दोन मिनिटं.”

दोन मिनिटं दाबून धरला. तुला वर्षभर शिबिरं बंद आणि कागदावर ताकीद, हे मला नंतर बाईंनी सांगितलं. प्रबंध बचावला हेही. तुझं बरोबर आहे, मी मान्य करतो, आणि तरीही पुन्हा तसा प्रसंग आला तर मी खोटंच बोलेन असं मला वाटतं. हे वाचून तू कागद फाडशील. फाड. पण चिकटपट्टी लावताना तुझा अंगठा माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला गरजेपेक्षा जरा जास्त वेळ होता. मोजलेलं नाही. होता.


११ ऑक्टोबर

दहापैकी दहा. तुला माहीतच आहे, अहवालावर सही तुझी आहे.

तपासण्या झाल्या. छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, काय काय. परवा बाईंनी शेवटचा कागद पुढे केला. म्हणाल्या, गप्पा नकोत, नीट ऐक. आजपर्यंत तू ‘नाही’ म्हणू शकतोस, कुणी का विचारणार नाही. उद्यापासून तिकडे पेशंटला जालीम औषधं सुरू होतील. तिच्या हाडांतला रक्त बनवणारा सगळा गर त्यांनी मुद्दाम मारून टाकायचा, रोगासकट. त्यानंतर तिचं स्वतःचं काही उरत नाही. तू आला नाहीस, ऐनवेळी घाबरलास, घरच्यांनी कोंडून ठेवलं, मोटारसायकलवरून पडलास, काही झालं तरी ती बाई संपली. मी मोटारसायकल चालवत नाही, असं म्हणालो. सही केली.

मग घरी.

वर्षभर बाबांनी माझ्याशी ‘मीठ दे’ याच्यापलीकडे शब्द टाकलेला नाही. परवा टाकले. “एक कॉलेज पूर्ण करता आलं नाही, आता हाडं वाटायला निघालाय.” हाडं नाहीत हो, म्हटलं. पाच दिवस इंजेक्शनं घ्यायची, त्यानं मूळपेशी हाडांतून रक्तात येतात, मग एका हातातून रक्त काढून यंत्रातून फिरवून दुसऱ्या हातात. आईनं ‘यंत्रातून’ एवढंच ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला. बाबा म्हणाले, कोण लागते ती तुझी? म्हटलं, कुणी नाही. “तिच्या भावाचं जुळलं नाही, मग तुझं कसं जुळलं?” याचं उत्तर तुझ्या मोठ्या सरांनाही देता यायचं नाही. शेवटी ते म्हणाले, फोन करून सांग, जमणार नाही म्हणून. उद्या काही झालं तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

आता ‘जमणार नाही’ म्हटलं तर ती मरेल, मी म्हणालो. ओरडून म्हणालो, ते कबूल. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

“मग दिल्यावर ती मरणार नाही असं लिहून देतात का?”

“नाही देत. तरी जाणार.”

आज इंजेक्शनांचा पहिला दिवस. आई समोर जेवत नाही, मागून जेवते. बाबा पुन्हा मिठावर आलेत. पण उरलेली इंजेक्शनं फ्रीजमध्ये आहेत, आणि येता-जाता ते फ्रीजचं दार ओढून बघतात, नीट लागलंय का.

तुला म्हणून सांगतो, भीती वाटतेय. सुईची नाही. माझ्या हातून आजवर जे जे सुरू झालं त्याची यादी काही चांगली नाही.


१५ ऑक्टोबर

हे अक्षर पैलवानाचं आहे. माझे दोन्ही हात गुंतलेत, एका हातातून जातंय, दुसऱ्या हातातून येतंय. पैलवान यंत्राकडे पाठ करून बसलाय आणि मागून टिकटिक झाली की पेन थांबतं. शुद्धलेखन त्याचं, भावना माझ्या. एक वाक्य मी सांगितलं ते लिहायला त्यानं साफ नकार दिलाय, म्हणे बँकेत नोकरी करणाऱ्यानं असलं काही लिहू नये.

कंबर आणि मांड्यांची हाडं चार दिवस आतून कुणी ठोकतंय अशी दुखली. ओठ झिणझिणतायत, त्यावर कॅल्शियमची गोळी दिली. वर दांडीला छोटी पिशवी लटकलीय. एवढी आदळआपट करून निघालं काय, तर टोमॅटोच्या सारासारखं दिसणारं, ओंजळभर.

बाबा बाहेर बाकावर आहेत. आत येणार नाही म्हणाले. आले मात्र आहेत.


त्याच दिवशी, दुपारी

आता माझं अक्षर. वाकडं येतंय, बोटं अजून बधिर आहेत.

तू खाली आलीस तेव्हा मला वाटलं बाईच आल्या. पिशवीवरचा नंबर वाचलास, माझ्या मनगटावरचा वाचलास, उलटून पुन्हा वाचलास. पैलवान उठून उभा राहिला, शाळेत राहतात तसा. वरून मोजणी करूनच तू आली होतीस. “पुरेशा आहेत. उद्या यायची गरज नाही,” म्हणालीस, आणि मला, खरं सांगतो, क्षणभर वाईट वाटलं.

मग मी विचारलं, तिकडे जाऊन या पेशी करतील काय. नऊ महिन्यांत पहिल्यांदा तू माझ्याशी लांबलचक बोललीस. दोन-तीन आठवडे काहीच दिसणार नाही. मग त्या वाट काढत हाडांत जाऊन बसतील, रक्त बनवू लागतील. आणि मग भांडू लागतील. औषधांतून निसटून कुठे रोगाची पेशी दडली असेल तर तिला परकी म्हणून हुडकून मारतील, औषधाला जमत नाही ते. पण त्या बाईंचं अंगही त्यांना परकंच. कातडी, आतडी, यकृत, कशावरही उठतील. भांडण कमी पडलं तर रोग परततो, जास्त झालं तर माणूस जातो. मधली जागा कुठे, हेच तू पाच वर्षं शोधतेयस. हे तू मला आधी का सांगितलं नव्हतंस? सांगितलं असशील. मी तुझ्याकडे बघत असेन.

“म्हणजे त्या बाईंच्या वाट्याला माझ्याच पेशी याव्यात,” मी म्हणालो.

“तेच तर.” मास्कच्या वर तुझे डोळे बारीक झाले. मग ट्रे उचललास आणि गेलीस. पिशवी पेटीत घालून नेणारा माणूसही गेला. पेटी त्यानं हातात धरली होती, खाली ठेवत नव्हता.

यापुढे मी लिहिणार नाही. मला थांबवलंय म्हणून नव्हे, माझं सांगून झालं म्हणून. माझा जीव अजून तुझ्यावर तसाच आहे, त्यात काडीचा फरक नाही, आणि त्याबद्दल मला अजिबात शरम वाटत नाही. तुला वाटलं तर ये, नाही वाटलं तर प्रबंध पूर्ण कर. वाटलं तरी प्रबंध पूर्ण कर.

निघताना बाईंनी एक कार्ड दिलं. दात्याला पेशंटला चार ओळी लिहिता येतात, नाव-पत्ता सोडून. त्या वाचून पुढे पाठवतात. तुला एवढी पानं लिहिली, त्या कार्डावर मी अर्धा तास पेन टेकवू शकलो नाही. शेवटी लिहिलं. बाईंनी वाचलं, खोडलं काहीच नाही, नुसतं ‘हं’ म्हणाल्या. नक्कल तुझ्यासाठी:

बाई,
आपली ओळख नाही आणि दोन वर्षं करून घ्यायची परवानगीही नाही. माझ्या पेशी तुमच्याकडे येतायत. आधीच सांगून ठेवतो, त्यांना वळण कमी आहे. पाहुण्यासारख्या गप्प बसणार नाहीत, आल्या आल्या घर आपलंच समजतील. आत कुठे तो रोग लपलेला असला तर त्याला सोडणार नाहीत, त्या बाबतीत निर्धास्त राहा. पण तुमच्यावर आवाज चढवला तर मुळीच ऐकून घेऊ नका. लगेच डॉक्टरांना सांगा, औषधं आहेत, आणि तुम्हीही त्यांना चांगलं झापा. दुखवायचं त्यांच्या मनात नसतं. त्या ऐकतात. उशिरा ऐकतात, पण ऐकतात.
— दाता